वर्खाच्या खोलीतली हवा

३ ऑगस्ट

दादा,

नमस्कार. गुडघा कसा आहे हे आधी विचारायला हवं, पण मुद्दाम विचारत नाही. विचारलं की तू दोन पानं गुडघ्यावरच लिहिशील, आणि मला आज तुझ्याकडून वेगळंच काहीतरी हवंय.

आमच्या कारखान्यात भांडण पेटलंय. कारखाना कसला, मालकीणबाईंच्या दुकानामागची चार टेबलांची एक खोली. आरशांच्या आणि चित्रांच्या लाकडी चौकटींना आम्ही तिथे सोन्याचा वर्ख लावतो. वर्ख इतका पातळ की जवळ कुणी शिंकलं तर पान सरळ छताला. म्हणून खिडक्या कायम बंद, दाराच्या फटीत कापड कोंबलेलं, पंख्याचं तर नावच नको. पान उचलून चौकटीवर टेकवेपर्यंत आम्ही श्वाससुद्धा रोखून धरतो. आणि असल्या बंद खोलीत आमचे मास्तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सिगारेट ओढतात. त्यांचं बघून लांब्याही ओढतो. लांब्या म्हणजे दारातून वाकून आत येणारा, तुला मागे सांगितलं होतं. संध्याकाळी भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, किती वाजले ते पोटातल्या भुकेवरून ओळखायचं.

आमच्यातल्या एका बाईला त्या धुराने खोकला लागलाय. साधासुधा नाही. ऐन पान उचललं की उबळ येते आणि पान जातं. सोनं गेलं की मालकीणबाईंचा चेहरा बघवत नाही. त्या बाईने मास्तरांना अगदी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, बाहेर जाऊन ओढाल का?" मास्तर म्हणाले, "बाहेर जाऊन काय करू? मला हवा इथली बघायचीय."

हे तुला समजावून सांगायला हवं. वर्ख लावायच्या आधी मास्तर सिगारेट पेटवतात, बोटांत स्थिर धरतात आणि धुराकडे टक लावून बसतात. धूर डुलला म्हणजे कुठूनतरी वारा येतोय, थांबा. धूर काठीसारखा सरळ वर गेला की मास्तर म्हणतात, "चला." मग चारही टेबलांवर पानं उचलायची. ही रीत त्यांच्या मास्तरांकडून आलेली. मास्तरांच्या "चला"शिवाय आमच्याकडे एक पान हलत नाही. तरी त्यांच्या स्वतःच्या पानांचा एक कोपरा नेहमी किंचित मुडपतो आणि ते सरसाला शिव्या देतात.

मी त्या बाईच्या बाजूने उभं राहायचं ठरवलंय. तू जन्माचा ओढणारा. तेव्हा तूच सांग, काय केलं म्हणजे तुझ्यासारखा माणूस उठून बाहेर जाईल? चिडू नकोस, खरं खरं सांग.

तुझी भिंगरी

११ ऑगस्ट

भिंगरे,

विचारलं नाहीस तरी सांगतो. गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना शिव्या घालतो. आणि हल्ली मला दिवसभर जिन्यावरच नांदावं लागतंय. का ते ऐक.

लेकीकडे राहायला आलो तेव्हा गॅलरी माझी असं ठरलं होतं. आता जावईबापूंचं म्हणणं, गॅलरीतला धूर नातीच्या खोलीत जातो. झालं, माझी रवानगी खाली, इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी. तिथे आम्ही तिघंचौघं उभे असतो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. आमच्यात एक दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर पेशंटना सिगारेट सोडा म्हणून झापतो आणि खाली येऊन माझ्याकडे काडेपेटी मागतो.

तुला माहीत आहे, मी आयुष्यभर ट्रक चालवला. केबिनमध्ये मी राजा. पैसे माझे, फुप्फुसं माझी, कुणाच्या बापाचं काय गेलं? आता जो तो येतो आणि नाक मुरडतो. दुकानात राजरोस विकतात, आम्ही राजरोस विकत घेतो, ओढायची मात्र चोरासारखी. अगं, आम्ही माणसंच ना? आम्हालाही कुठेतरी चार भिंती आणि एक खुर्ची नको?

तुझ्या मास्तरांची मला दया येते. त्यांचं तर ते कामच आहे. सुताराला कुणी करवत बाहेर ठेवून ये म्हणतं का? ती जी बाई खोकते, तुमच्या कोपऱ्यातल्या टेबलावरच्या मावशी असणार, वय झालंय त्यांचं, त्यांना सांग की पुढे दुकानात गल्ल्यावर बसा. मोकळी हवा, बसायला खुर्ची, गिऱ्हाइकांशी गप्पा. सगळ्यांचं भलं. आणि तू लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसू नकोस. लहानपणापासून तुला दुसऱ्याच्या भांडणात उडी मारायची खोड आहे.

तू विचारलंस, काय केलं म्हणजे मी उठेन. हाकललं तर मुळीच उठणार नाही. हाकललं की मी मुद्दाम दुसरी पेटवतो. एवढं लक्षात ठेव.

दादा

१७ ऑगस्ट

दादा,

गल्ल्यावर बसवायची युक्ती तुझ्याआधी मालकीणबाईंना सुचली आहे. "पगार तोच राहील, काळजी करू नकोस," असंही म्हणाल्या. सगळ्यांना वाटतंय की केवढ्या मोठ्या मनाच्या.

ती बाई मावशी नाही. मावशींचे कान गेलेत, छाती ठणठणीत आहे. ती बाई मी आहे.

तुला कळलं की तू जेवण सोडशील आणि सिगारेट वाढवशील, म्हणून लपवलं. पण तू "मावशींना सांग" असं लिहिलंस आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता ऐक. डॉक्टरीणबाईंनी मला एका नळीत फुंकायला लावलं. पुन्हा पुन्हा. मग कागदाकडे बघत विचारलं, "रोज किती ओढता?" मी म्हटलं, एकही नाही, जन्मात कधी नाही. त्या म्हणाल्या, "लाजू नका, मी कुणाला सांगणार नाही." दादा, मला तिथेच रडू आलं. मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. हीच हवा घेत राहिलात तर श्वास आणखी कमी होत जाईल, म्हणाल्या. गेलाय तेवढा परत येईल याची खात्री त्या देत नाहीत.

आता तू म्हणशील, मग बस की गल्ल्यावर. अरे, मी हे टेबल कसं मिळवलंय ते तू पाहिलंयस. कित्येक वर्षं मी नुसत्या चौकटी घासल्या. मग सरस कालवायला मिळाला. मग कडा. मग कुठे एका दिवशी मास्तरांनी वर्खाच्या पानांची वही माझ्यापुढे सरकवली. त्या दिवशी मी तुला तार केली होती, आणि कुणीतरी गेलं असं वाटून तू घाबरला होतास. हे सगळं सोडून मी सुटे पैसे मोजत बसू? का? मी काय चुकले?

तू म्हणतोस फुप्फुसं माझी. बरोबर आहे, तुझ्या केबिनमध्ये. आमच्या खोलीत चौघांची फुप्फुसं आहेत आणि हवा एकच आहे. ज्याला ओढायचंय त्याने उठायचं, की ज्याला श्वास घ्यायचाय त्याने? मला याचं सरळ उत्तर दे. मास्तर उठोत, लांब्या उठो, धूर उठो. मी काही माझ्या टेबलावरून उठणार नाही.

भिंगरी

२१ ऑगस्ट

भिंगरे,

पत्र वाचून खाली गेलो आणि काडी पेटवायचं सुचेना. दातांच्या डॉक्टरच्या हातात काडेपेटी दिली आणि तसाच वर आलो.

गल्ल्यावर बस. हात जोडतो. सोनं गेलं खड्ड्यात, मास्तर गेले खड्ड्यात. शिर सलामत तर पगडी पचास. आईबाबांच्या मागे आपण दोघंच उरलोय. या वेळी तरी हट्ट करू नकोस.

दादा

३० ऑगस्ट

दादा,

तुझे हात जोडलेले मला दिसले. तरी ऐकणार नाहीये. रागावलास तर रागाव, पण पुढचं वाच.

मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, मला इथेच काम करायचंय आणि या खोलीत सिगारेट नको. मालकीणबाईंनी कागद वाचला, घाबरल्या, आणि तासाभरात दारावर पाटी लावली, "धूम्रपानास मनाई." मास्तरांनी पाटी वाचली आणि तिच्या खिळ्यावर आपली टोपी अडकवली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आम्हीही बसलो. सरस वाळून कडक झाला, तरी "चला" काही येईना. शेवटी मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "हवा कशावर बघू? हिच्या खोकल्यावर?" लांब्या फिदीफिदी हसला. दुसरा दिवसही तसाच गेला, एक पान लागलं नाही. संध्याकाळी मालकीणबाईंनी स्वतःच्या हाताने पाटी काढली. टोपी मात्र अदबीने मास्तरांच्या हातात दिली.

मास्तर वाईट नाहीत रे, हीच पंचाईत आहे. माझ्या हातात जे काही आहे ते त्यांनी दिलंय. ते दुष्ट असते तर मला भांडणं सोपं गेलं असतं. रात्री ठरवते की उद्या खडसावीन, आणि सकाळी त्यांनी माझ्या कडेचं काम बघून मान डोलावली की माझं अर्धं बळ जातं.

पण अर्धं उरतं. ओला रुमाल नाकाला बांधून बसते. मालकीणबाईंनी आता मुदत घातली आहे. एका नाट्यगृहाच्या दालनातला मोठा आरसा येणार आहे, पुरुषभर उंचीचा. त्याची चौकट होईपर्यंत मी टेबलावर. त्यानंतर गल्ला. "तुझ्याच भल्यासाठी," असं म्हणाल्या. म्हणजे तेवढ्यात मला मास्तरांच्या धुराला तोड शोधायची आहे. हवा स्थिर आहे की नाही ते सिगारेटशिवाय कसं ओळखायचं? सुचलं तर कळव. उपदेश करायचा असेल तर पोस्टाचा खर्च वाचव.

भिंगरी

९ सप्टेंबर

भिंगरे,

चार पत्रं लिहून फाडली. आता जे लिहितोय ते फाडणार नाही.

गल्ल्यावर बस म्हणालो होतो, ते शब्द परत घेतो. तुझ्या रागाला भिऊन नव्हे. इकडे मला गाड्या लावायच्या जागेशेजारी एक खोली करून दिली. "बाबा, तुमच्या सोयीसाठी. जिना नको, काही नको. हवं तेवढं ओढा." खुर्ची, रेडिओ, पंखा, सगळं आहे. चहा खाली येतो. जेवणसुद्धा खाली येतं, ताटावर ताट झाकून. पहिले दोन दिवस ऐश वाटली. मग लक्षात आलं की वर जेवताना जो आरडाओरडा चालतो, नात भाजी नको म्हणून टेबलाखाली लपते, जावईबापू तिला शोधल्याचं नाटक करतात, ते सगळं वरच राहिलं. माझ्यापाशी नुसतं ताट येतं. सोय म्हणायचं आणि माणसाला उचलून कडेला ठेवायचं. तेव्हा मला तुझा गल्ला कळला. उशिरा कळला, पण गाढवाला कळला हेही नसे थोडके.

आणखी एक कळलं, ते लिहायला जड जातंय. मला कडेला ठेवलंय ते माझ्या धुरामुळे. तुला कडेला ठेवतायत ते दुसऱ्याच्या धुरामुळे. माझ्यापाशी सिगारेट विझवायचा उपाय तरी आहे, तुझ्यापाशी तोही नाही. तू मला जो सरळ प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर हे असं आहे. समजून घे.

तोड मात्र सुचत नाही. मी ट्रकवाला, मला सोन्यातलं काय कळतं? दिवसभर या खोलीच्या दारात बसून ओढतो आणि कोळ्याकडे बघतो. नळाच्या पाइपाला त्याचा एक सुटा धागा लोंबतोय, टोकाला वाळक्या पानाचा कण अडकलाय. गंमत म्हणजे फाटकातून गाडी आत वळायच्या आधीच तो कण हलतो, माझा धूर मागाहून डुलतो. रोज मी स्वतःशीच पैज लावतो, आधी कोण. रोज कोळीच जिंकतो. निवृत्त माणसाचे हे असे उद्योग. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध वेळेवर घे.

दादा

१५ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र अर्धवट टाकून उठले! आईच्या शिवणाच्या डब्यातली रेशमाची लडी आठवते? तिच्यातला एक धागा घेतला आणि उकलत गेले, उकलत गेले, एकच तंतू उरेपर्यंत. उजेडात धरला तर दिसतो, एरवी नाही. टोकाला वर्खाचा एक फाटका कण चिकटवला आणि टेबलावरच्या दिव्याला टांगला. मी खुर्चीत नुसती मान वळवली तरी हलतो. ओढणाऱ्यांचा वकील म्हणवतोस आणि घरभेदी निघालास की रे! तुझ्या कोळ्याला माझा साष्टांग नमस्कार सांग.

पण पुढे सगळं फसलं. दुसऱ्या दिवशी मी चौघांदेखत धागा टांगला आणि म्हटलं, "मास्तर, हे बघा, आता सिगारेटची गरजच नाही."  कण स्थिर झाला, अगदी भिंतीवर रंगवल्यासारखा. मला इतका आनंद झाला की मीच म्हणून गेले, "चला." कुणी पान उचललं नाही. मी एकटीने उचललं. आणि खोकला आला. पान फाटून अर्धं माझ्या बाहीवर, अर्धं लांब्याच्या डोक्यावर. लांब्या इतका हसला की मावशींनासुद्धा ऐकू गेलं. मास्तर म्हणाले, "चला म्हणायला छाती लागते, पोरी."

मी घरी येईपर्यंत रडले नाही. घरी आल्यावर भरपूर रडले. तोंड धुऊन तुला लिहायला बसले. आरशाची चौकट पुढच्या आठवड्यात येतेय. धागा मी काढलेला नाही, दिव्यालाच आहे. लांब्या येता-जाता त्याच्यावर फुंकर मारतो, मारू दे.

भिंगरी

२० सप्टेंबर

भिंगरे,

छाती लागते म्हणाला? तिथे असतो तर त्याची कॉलर धरली असती. मग सुचलं की मी तिथे असतो तर मीही ओढतच असतो. म्हणून कॉलर सोडली आणि विचार केला.

तुझं कुठे चुकलं सांगू? चौघांदेखत का दाखवलंस? आम्हा ओढणाऱ्यांना चारचौघांत कुणी काही सुचवलं की आमचं गाढव होतं, चार पाय रोवून उभं राहतं. जावईबापू पाहुण्यांसमोर बोलले त्या दिवशी मी दुप्पट ओढल्या. म्हाताऱ्याला एकटं गाठ. त्याची सिगारेट काढून घेऊ नकोस, उलट त्याला पेटवायला सांग. त्याच्या हत्याराशेजारी तुझं हत्यार ठेव, आणि तू गप्प राहा. गप्प राहणं तुला जमत नाही हे मला माहीत आहे. तरी राहा.

आणि अजून एक. समजा तो उठला, तर जाईल कुठे? रस्त्यात, पावसात? कचऱ्याच्या डब्यांपाशी? तसं असेल तर मीसुद्धा नसतो उठलो. त्याची जागा आधी शोध, मग त्याला उठव.

दादा

४ ऑक्टोबर

दादा,

बस खाली, मोठं पत्र आहे.

चौकट आली. लाकडावर वेली कोरलेल्या, वर मधोमध एक कमळ. मास्तर सगळ्यांच्या आधी येतात, म्हणून मी त्यांच्याही आधी जाऊन पायरीवर बसले. त्यांनी कुलूप काढलं, आम्ही आत गेलो, मी फटीत कापड कोंबलं. मग म्हटलं, "मास्तर, पेटवा." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पेटवली आणि नेहमीसारखी धरली. थोड्या वेळाने धूर सरळ झाला. मी बोटाने माझा धागा दाखवला, हातभर अंतरावर टांगलेला. त्याचा कण थरथरत होता आणि हळूहळू सिगारेटच्या बाजूला ओढला जात होता.

"तुझा धागा खोटा आहे," मास्तर म्हणाले. मी गप्प. दादा, खरंच गप्प राहिले. मास्तर सिगारेट घेऊन पार पलीकडच्या भिंतीशी गेले. कण शांत झाला. ते जवळ आले, कण थरथरला. पुन्हा गेले, पुन्हा आले. मग त्यांनी सिगारेट उलटी धरली, सुलटी धरली, खाली धरली. मी सांगायची गरजच उरली नाही. विस्तवाची धग आहे, ती हवा वर चढवते आणि बाजूची हवा तिच्या जागी ओढली जाते. धूर सरळ जातो म्हणून हवा स्थिर दिसते. पण तिला हलवते ती सिगारेटच.

मास्तर आपल्या टेबलाशी गेले. तुला मागे लिहिलं होतं बघ, त्यांच्या पानांचा एक कोपरा नेहमी किंचित मुडपतो आणि ते सरसाला शिव्या देतात? डावा कोपरा. सिगारेट ते डाव्या हातात धरतात. एक जुनी चौकट उचलून त्यांनी तो कोपरा अंगठ्याने चाचपला. "माझ्या मास्तरांच्या पानांचाही मुडपायचा," एवढंच म्हणाले. आणि सिगारेट बशीत दाबून विझवली.

खरं सांगू? माझ्या खोकल्यासाठी नाही विझवली. सोन्यासाठी विझवली. मला वाईट वाटलं का? वाटलं. एवढे महिने मी त्यांच्यासमोर खोकतेय, आणि माझ्यापेक्षा एका मुडपलेल्या कोपऱ्याचं त्यांना जास्त लागलं. पण विझली ना! मी म्हटलं, कारण कुठलंही असो, मला चालेल.

मग मास्तर खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. म्हणाले, "कामाला नको ते कळलं. पण मला लागते, पोरी. नाही ओढली तर हात थरथरतो. थरथरत्या हाताने कमळ कसं करू?" तुझं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. मी म्हटलं, "तुम्हाला कोण नको म्हणतंय? जागा बदलायची, बस."

मालकीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, रस्त्यात उभे राहतील, त्यात काय. मी म्हटलं, नाही. मागच्या अंगणात फुटक्या चौकटींचा ढीग आहे, तो हलवा, पत्रा टाका, बाक ठेवा. त्या वैतागल्या. "तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस गं?" मी म्हटलं, "खोलीच्या." ढीग मीच हलवायला लागले, तेवढ्यात खोकल्याने बेजार झाले. तेव्हा लांब्या पुढे आला. तोंडाने "बाईमाणसाचं राज्य आलं" असं पुटपुटत होता, हाताने मात्र फळ्या उचलत होता. बाक त्यानेच ठोकला. चौकटींचं लाकूड होतं, त्यामुळे एका हाताला वेल आणि दुसऱ्या हाताला अर्धी परी आहे.

लांब्या अजून अधूनमधून विसरतो आणि आत पेटवायला जातो. मास्तर नुसतं त्याच्याकडे बघतात, मग तो वाकून बाहेर जातो. गल्ल्याचं मात्र मालकीणबाईंनी सोडलेलं नाही. "आरसा होऊ दे, मग बघू. खोकला तर आहेच ना तुझा," म्हणाल्या. आहेच. तो काही पाटीसारखा काढून ठेवता येत नाही.

भिंगरी

१२ ऑक्टोबर

भिंगरे,

पत्र दातांच्या डॉक्टरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, अर्ध्या परीच्या बाकावर बसायला मिळणार असेल तर मी दवाखाना तिकडे हलवतो. बाकाला पाठ आहे का ते लिहिलं नाहीस. म्हाताऱ्या माणसाला पाठ लागते, सांग त्या लांब्याला.

मी सोडलेली नाही. खोटं कशाला बोलू? पण परवा लेकीला सांगितलं, "ओढीन खाली, जेवीन वर." ती काही बोलायच्या आत मी हात धुतले, शर्ट बदलला आणि जिना चढलो. गुडघ्याने शिव्या घातल्या. नात टेबलाखाली होती. मीही तिला शोधल्याचं नाटक केलं, आणि जावईबापूंपेक्षा चांगलं केलं. आता रोज वर जेवतो. शर्ट धुऊन धुऊन विटले आहेत.

आरशाचं काय झालं ते लगेच कळव. मी इथे श्वास रोखून बसलोय.

दादा

२७ ऑक्टोबर

दादा,

सोड श्वास. आरसा झाला.

काल फक्त कमळ उरलं होतं. ते चौघांनी एकदम करायचं, चार बाजूंनी चार पानं, सांधा दिसता कामा नये. आधी मास्तर बाकावर जाऊन आले. आले म्हणजे दाराबाहेर थांबले, पाणी प्याले, चूळ भरली, छातीतला धूर जाईपर्यंत उभे राहिले आणि मग आत आले. हे त्यांना कुणीही सांगितलेलं नाही. मी सरसावर बोटाचं पेर टेकवून पाहिलं, जेवढा हवा तेवढाच चिकट होता. आम्ही सगळे धाग्याकडे बघत बसलो. कण फिरला, डुलला, मंद झाला, थांबला. मी मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते.

"तू म्हण," ते म्हणाले.

माझ्या घशात खवखवत होतं. श्वास पूर्वीइतका लांब रोखता येत नाही आता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गेला तो गेलाच, पण पुढे कमी झालेला नाही. होता तेवढा घेतला आणि म्हटलं, "चला." चार पानं एकदम उचलली गेली. मावशींना ऐकू आलं नसणार, पण त्यांनीही उचललं, माझ्या तोंडाकडे बघून. चारही बसली. कोपरा एकही मुडपला नाही. खोकला मला मागाहून आला, अगदी पोटभर. लांब्याने पाण्याचा पेला पुढे केला, हसला नाही.

पानं बसल्यावर मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझ्यासाठीच आल्या असणार, गल्ल्याच्या किल्ल्या हातात होत्या. कमळ बघितलं, धाग्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी नुसती मान हलवली, नाही अशी. त्या मागच्या पावली गेल्या, आणि जाताना दार इतकं हळू लोटलं की कण जागचा हलला नाही.

आज सकाळी कामावर गेले तर दुकानाच्या काचेवर नवी पाटी लागलेली. "गल्ल्यावर बसण्यासाठी माणूस पाहिजे." मी ती दोनदा वाचली आणि मागच्या दाराने माझ्या टेबलाशी गेले.

तू आता ये. बाकाला पाठ लावून घेतली आहे.

तुझी भिंगरी